‘यू-८६९’ : नाव कोरलेली सुरी सापडूनही पाणबुडीची ओळख पटायला सहा वर्षे का लागली?

केतकी_पुणे

नमस्कार. अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर २००० साली ‘नोव्हा’ मालिकेत दाखवलेला ‘हिटलर्स लॉस्ट सब’ हा माहितीपट गेल्या आठवड्यात मी बाबांसोबत पाहिला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगते. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये बिल नेगल या कप्तानाच्या ‘सीकर’ बोटीवरून काही डायव्हर न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर गेले. मासेमारांच्या जाळ्यांना तिथे काहीतरी अडकते, एवढीच माहिती त्यांच्याकडे होती. सुमारे ७० मीटर खोलीवर त्यांना दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी सापडली. त्या भागात अशी पाणबुडी बुडाल्याची नोंद ना अमेरिकन आरमाराकडे होती, ना जर्मन अभिलेखांत. मग जॉन चॅटर्टन आणि रिची कोलर हे दोघे सहा वर्षे तिचा क्रमांक शोधत राहिले.

माझी शंका एका प्रसंगाविषयी आहे. सुरुवातीच्याच काही डायव्हांत चॅटर्टनला लाकडी मुठीची जेवणाची सुरी मिळते आणि मुठीवर ‘होरेनबर्ग’ असे नाव कोरलेले असते. कोणा खलाशाने फावल्या वेळात बसून एकेक अक्षर कोरले असावे, असे ती पाहताना वाटते. मार्टिन होरेनबर्ग हा ‘यू-८६९’ वरच्या रेडिओ विभागातला माणूस होता, हेही पुढे कळते. बाबांनी तिथेच चित्र थांबवले आणि विचारले, “नावानिशी माणूस सापडला, त्याची बोटही कळली, मग आता अडले कुठे?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पाणबुडीच्या बाहेरच्या अंगावर क्रमांक का नव्हता? आणि ती स्वतःच्याच टॉर्पेडोने बुडाली, असा तर्क माहितीपटात आहे, पण मी इतरत्र वाचले की अमेरिकन युद्धनौकांनी ती बुडवली. यातले खरे काय मानावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी_बखर

केतकीताई, आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण चॅटर्टन आणि कोलर यांची सर्वाधिक वर्षे त्याच प्रश्नापायी खर्ची पडली.

बाहेरच्या क्रमांकाचे उत्तर सोपे आहे. युद्ध सुरू होताच जर्मन पाणबुड्यांच्या मनोऱ्यांवर रंगवलेले क्रमांक पुसून टाकण्यात आले, जेणेकरून शत्रूला कोणती पाणबुडी कुठे वावरते हे कळू नये. त्यामुळे सांगाडा कितीही शाबूत असला तरी बाहेरून नाव वाचण्याची सोय नव्हती. आत सापडलेल्या ताटवाट्यांवर गरुड, स्वस्तिक आणि १९४२ हे साल होते. त्यावरून पाणबुडी जर्मन आणि त्या सालानंतरची एवढेच कळले. पुढे धातूच्या पत्र्यावरचे एक आकृतिपत्र मिळाले, त्यावरून ती नऊ-सी प्रकारची, ब्रेमेनच्या गोदीत बांधलेली आहे हे ठरले आणि शक्यता पुष्कळ कमी झाल्या. तरीही अनेक नावे उरलीच.

आता सुरी. होरेनबर्ग ‘यू-८६९’ वर होता, पण अधिकृत इतिहासानुसार ‘यू-८६९’ २८ फेब्रुवारी १९४५ रोजी मोरोक्कोच्या रबात बंदराजवळ बुडालेली होती. अमेरिकेची ‘फाउलर’ आणि फ्रेंचांची ‘लँदिस्क्रे’ या नौकांनी तिला बुडवले, असे छापील यादीतच होते. मग अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर सापडलेल्या सुरीचा अर्थ काय लावायचा? सुरी ही हातातली वस्तू आहे; ती हरवते, चोरीला जाते, बदलीच्या वेळी मागे राहते. छापील नोंद आणि सुरी यांत विरोध आल्यावर सगळ्यांनी नोंदीवर विश्वास ठेवला. त्यांच्या जागी आपणही बहुधा तेच केले असते. बराच काळ चॅटर्टन आणि कोलर यांचा कल ‘यू-८५७’ या दुसऱ्या जर्मन पाणबुडीकडे होता, तो त्यामुळेच.

ती नोंद कशी तयार झाली हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. हेल्मुट नॉयरबर्ग या कप्तानाच्या हाताखाली ‘यू-८६९’ डिसेंबर १९४४ मध्ये नॉर्वेहून निघाली, तेव्हा तिला अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जाण्याचा आदेश मिळाला होता. उत्तरेकडच्या लांबच्या वळशाने इंधन जास्त खर्च होईल, असे मुख्यालयाला नंतर वाटले आणि तिला जिब्राल्टरकडे वळण्याचा नवा आदेश रेडिओवरून गेला. दोस्त राष्ट्रे तेव्हा जर्मनांचे सांकेतिक संदेश वाचत होती, त्यामुळे हा आदेशही त्यांच्या हाती लागला. पाणबुडीला मात्र तो मिळालाच नाही, असे आज मानले जाते. युद्ध संपल्यावर बेपत्ता पाणबुड्यांचा हिशेब लावायला बसलेल्या अधिकाऱ्यांसमोर दोन कागद होते. एकात पाणबुडी जिब्राल्टरकडे निघाल्याचे होते, दुसऱ्यात त्याच टापूत एका अज्ञात पाणबुडीवर हल्ला झाल्याचे. त्यांनी दोन्ही जोडले. युद्धानंतरच्या अशा अनेक नोंदी निव्वळ अंदाज होत्या, हे वॉशिंग्टनमधली कागदपत्रे आणि ब्रिटिश संरक्षण खात्यातल्या अभ्यासकांशी झालेला पत्रव्यवहार यांतून पुढे उलगडत गेले. मला या साऱ्या हकिकतीत एक गोष्ट फार चटका लावून जाते. जो आदेश पाणबुडीपर्यंत पोहोचला नाही, तो पोहोचला असता तर होरेनबर्गच्याच विभागात उतरवून घेतला गेला असता.

इंजिनखोली

मी २६ वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात काढली आहेत, म्हणून केवळ शेवटच्या पुराव्याविषयी लिहितो.

३१ ऑगस्ट १९९७ रोजी चॅटर्टनने पाणबुडीच्या विजेच्या मोटरींच्या खोलीतून सुट्या भागांच्या पेट्या बाहेर काढल्या आणि त्यांतल्या एकीच्या पट्टीवर ‘यू-८६९’ असे लिहिलेले होते. माहितीपट पाहणाऱ्या पुष्कळांना वाटते की ही योगायोगाने सापडलेली वस्तू आहे. तसे नाही. सुरी माणसाची असते, पण सुट्या भागांची पेटी जहाजाची असते. गोदीत जहाज बांधले जाते तेव्हा कोणते भाग कोणत्या जहाजासाठी आहेत हे पेटीवर लिहावेच लागते, नाहीतर शेजारच्या धक्क्यावरच्या दुसऱ्या जहाजावर ते चढतात. आमच्या काळातही भर समुद्रात पंप बंद पडला की पेटीवरची पट्टी आधी पुसून वाचायची आणि मगच झाकण उघडायचे, ही पहिली शिस्त होती. अशी पेटी मोटरखोलीतल्या मांडणीवर एकदा बसली की ती सहसा त्या जहाजाबरोबरच मोडीत निघते. म्हणून क्रमांक कुठे मिळेल याचा विचार करून मोटरखोलीत जाण्याचा हट्ट धरणे, हे मला या शोधातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

अडचण अशी होती की डिझेल इंजिनांच्या खोलीत इंधनाची मोठी टाकी कोसळून आडवी झाली होती आणि पलीकडे जायला जेमतेम फट उरली होती. पाठीवर सिलिंडर घेऊन त्या फटीतून जाणे शक्य नव्हते. चॅटर्टनने एकच सिलिंडर घेतला, तो अंगावरून काढला, आधी पुढे सरकवला आणि मागून स्वतः गेला. ज्याने इंजिनखोलीत धुराने दिवे दिसेनासे झालेले अनुभवले आहे, त्याला हे वाचतानाच घाम फुटेल.

डायव्हर_मालवण

इंजिनखोली यांनी फटीचे वर्णन केलेच आहे. खोलीबद्दल मी थोडे सांगतो, कारण पडद्यावर ती कळत नाही.

तारकर्ली-मालवणकडे पर्यटकांना आम्ही साधारण ८-१० मीटरपर्यंत नेतो. ७० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या आठपट होतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला आठपट हवा खर्च होते. जो सिलिंडर वर तासभर पुरला असता, तो तिथे सात-आठ मिनिटांत संपेल. शिवाय साधी हवा असेल तर नायट्रोजनची गुंगी चढते. मी स्वतः अंदमानात ४० मीटरवर गेलो होतो, तेव्हा हातातल्या मापकावरचा आकडा मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तो डोक्यात टिकला नाही. आकडा स्पष्ट दिसत होता, पण त्याचे काय करायचे ते सुचत नव्हते. सोबतच्या प्रशिक्षकाने माझा दंड धरून मला पाच-सात मीटर वर आणले आणि डोके एकदम स्वच्छ झाले. त्याहून ३० मीटर खाली, अंधारात, लोंबणाऱ्या तारांमध्ये अक्षरे शोधायची म्हणजे काय, याची मी त्यावरून कल्पना करतो. १९९० नंतर हेलियम मिसळलेला वायू वापरण्याची पद्धत या मंडळींत रुळली आणि चॅटर्टननेही ती स्वीकारली. त्यामुळे डोके ताळ्यावर राहू लागले, पण वेळेची मर्यादा टळली नाही. तळाशी वीस-पंचवीस मिनिटे मिळतात आणि त्या बदल्यात, शरीरात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून, वर येताना तासाहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने थांबावे लागते.

त्यात गाळ. पाणबुडीच्या आत अर्धे शतक साचलेला गाळ एका पायपंखाच्या फटक्याने उठतो आणि मग बॅटरीचा झोत तुमच्याच तोंडावर परततो. कॅमेऱ्याला हे दाखवता येत नाही, कारण दाखवायला काही उरतच नाही. म्हणून अशा माहितीपटांत आतली दृश्ये थोडी आणि बोटीवरच्या मुलाखती फार असतात. केतकीताई, वर्षे का लागली याचे अर्धे उत्तर इथे आहे. उत्तर अटलांटिकमध्ये हवामान चांगले असलेले मोजके महिने, त्यांतल्या मोजक्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत एक-दोन डायव्ह, म्हणजे पूर्ण वर्षात एका माणसाला आत काम करायला फार तर काही तास मिळत असणार. आणि या जागेने तीन डायव्हरांचा जीव घेतला. १९९१ मध्ये एक गेला. १९९२ मध्ये वडील आणि मुलगा एकत्र गेले. मुलगा आत अडकला, वडिलांनी त्याला सोडवले, पण दोघांनाही थांबे न घेता थेट वर यावे लागले. आमच्याकडे नव्या प्रशिक्षणार्थींना मी ही घटना आवर्जून सांगतो.

दोना_पावला

गोव्याच्या समुद्रातल्या बुडित जहाजांविषयी माझे काही वाचन आहे, म्हणून एक तुलना मांडते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफ येथे एका जहाजाच्या अवशेषांचा अभ्यास केला. तिथली खोली जेमतेम ३ ते ६ मीटर आहे, म्हणजे मालवणच्या पर्यटकांनाही जमेल इतकी. तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असे बरेच काही मिळाले. मालावरून ते सतराव्या शतकाच्या सुमाराचे पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे असे ठरले, पण त्याचे नाव आजही ठाऊक नाही. लाकूड लाटांनी आणि किड्यांनी खाल्ले, आणि इंजिनखोली म्हणतात तशी पट्टी लावलेली पेटी त्या काळी असण्याचा प्रश्नच नव्हता. उलट सेंट जॉर्ज रीफजवळच्या दुसऱ्या अवशेषांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा ठसा असलेली कौले मिळाली. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांवर दिसतात त्याच जातीची. जहाजाचे नाव त्यावरूनही कळत नाही, पण ते १८६५ च्या आधी बुडालेले नाही एवढे निश्चित होते. ‘यू-८६९’ च्या ताटवाट्यांवरचे १९४२ हे साल नेमके असेच काम करते.

याच कारणाने मला ‘डीप सी डिटेक्टिव्ह्ज’ या हिस्टरी चॅनलवरच्या मालिकेपेक्षा, जी पुढे चॅटर्टन आणि कोलर यांनीच सादर केली, हा एकटा माहितीपट अधिक प्रामाणिक वाटतो. मालिकेत दर आठवड्याला एक जहाज तासाभरात उलगडावे लागते, आणि माहितीपटात ते दोघे वर्षानुवर्षे चुकीच्या क्रमांकावर विश्वास ठेवताना दिसतात.

जुनी_बखर

पाणबुडी कशी बुडाली, हा केतकीताईंचा दुसरा प्रश्न राहिला होता. माहितीपट आला तेव्हा असा समज होता की आवाजाचा माग घेणारा टॉर्पेडो सोडल्यावर तो गोल फिरून स्वतःच्याच पाणबुडीवर आदळला. असे अपघात तेव्हा घडत असत, त्यामुळे तर्क अवाजवी नव्हता. मात्र ११ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘हॉवर्ड डी. क्रो’ आणि ‘कॉइनर’ या अमेरिकन संरक्षक नौकांनी त्याच भागात पाण्याखालच्या एका लक्ष्यावर हेजहॉग (नौकेच्या पुढे फेकले जाणारे छोटे पाणबुडीविरोधी बॉम्ब) आणि ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब यांचा मारा केल्याच्या नोंदी आहेत. वर तेल आणि बुडबुडे आले, पण खाली एखादे जुने बुडित जहाज असावे असा निष्कर्ष काढून त्या नौका पुढे निघून गेल्या. सांगाड्याला एकाच जागी नव्हे, तर दोन ठिकाणी मोठे नुकसान झालेले आहे, आणि ते या माऱ्याशी अधिक जुळते. गॅरी जेंटिल या अनुभवी डायव्हर-लेखकाने हा मुद्दा हिरिरीने मांडला. २००५ मध्ये अधिकृत नोंदही त्याप्रमाणे बदलली आणि पाणबुडी बुडवल्याचे श्रेय या दोन नौकांना देण्यात आले. मला स्वतःला हेच स्पष्टीकरण पटते. माहितीपट खोटा नव्हता, तो पाच वर्षे आधी तयार झाला एवढेच.

केतकी_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवले. पेटी जहाजाची आणि सुरी माणसाची, हे त्यांना लगेच पटले. त्यांनी एकच विचारले, की पाणबुडीवरच्या माणसांच्या घरच्यांना हे कधी कळले?

जुनी_बखर

पाणबुडीवर ५६ जण होते आणि त्यांतला एकही वाचला नाही. पन्नास वर्षे कुटुंबांना आफ्रिकेचा किनारा सांगितला गेला होता. ओळख पटल्यावर कोलर स्वतः जर्मनीला गेला आणि त्यांतल्या काही कुटुंबीयांना भेटला. निघण्याआधी आजारी पडल्यामुळे मागे राहिलेला एक रेडिओ ऑपरेटर तेव्हा हयात होता, त्याचीही त्याने भेट घेतली. होरेनबर्ग त्याच्याच विभागातला सहकारी होता.