लॉन पिवळं पडतंय, लव्हाळ्याचं तण मात्र मजेत! मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. नाशिकला घरासमोर जेमतेम ३०० चौरस फूट लॉन आहे. होळीपर्यंत हिरवंगार होतं, आता ताटाएवढे पिवळे चट्टे पडलेत. ओढून पाहिलं तर गवत सहज उपटून येत नाही, म्हणजे मुळं खाणारी हुमणी अळी नसावी. चूक बहुधा माझीच: ऐन उन्हात अगदी बुडापासून कापलं आणि वर युरियाही फेकला. संध्याकाळी पाइपने पाणी देतो, पण स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर दोन बोटांखाली माती कोरडी ठाक. लव्हाळा उपटला की गाठ खालीच राहते, आठवड्यात पुन्हा हजर.

पाणी रोज थोडं द्यावं की दोन-तीन दिवसांआड भरपूर? चट्ट्यांवर शेणखत-पोयटा (गाळाची माती) आत्ता पसरू, की पावसापर्यंत थांबू? तणनाशक नको, मांजर दिवसभर तिथेच लोळते.