सर्व्हरला 'विनंती' की 'मागणी'?

अर्धविराम: एका वेबसाइटच्या मदतपानांचं भाषांतर करतेय. मी लिहिलं, 'ब्राउझर सर्व्हरला विनंती पाठवतो आणि सर्व्हर प्रतिसाद देतो.' तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्दांवर फुली मारली. शेरा असा: 'यंत्र विनवण्या करत नाही, मागणी लिहा. आणि पान सापडलं नाही तर तो प्रतिसाद कसला?' पहिलं मला पटत नाही, दुसऱ्यावर अडलेय. तुम्ही काय लिहाल?

काना_मात्रा: मागणीच. एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, ब्राउझर काय म्हणतो ते बघा: गेट, पोस्ट, पुट, डिलीट. सगळी आज्ञार्थी क्रियापदं. 'कृपया' कुठेय?

पोटफोड्या: 'देवा, पाव' हेही आज्ञार्थीच आहे, ते काय देवाला फर्मान झालं? सर्व्हर ४०३ हा नकाराचा आकडा पाठवतो तेव्हा म्हणतो, 'काय हवंय ते कळलं, देणार नाही.' नाही म्हणायचा हक्क समोरच्याकडे आहे ना, मग ती विनंती.

मुळाक्षर: शिवाय 'विनंती'त विनय शोधू नका. शब्द 'विज्ञप्ति'वरून, प्राकृत 'विण्णत्ति' होत आलाय. मूळ अर्थ कळवणे. ब्राउझर तेच तर करतो: अमुक पत्त्यावरचं पान हवंय, मी अमुक ब्राउझर, मराठी असल्यास उत्तम, मजकूर दाबून पाठवलात तरी उलगडून घेईन.

काना_मात्रा: संस्कृतात 'विनति'ही आहे, नमणे या अर्थी. व्युत्पत्ती वळवावी तशी वळते. आणि वाचणारा काय प्राकृत आठवत वाचतो? त्याला विनंती म्हटलं की 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'च आठवणार.

मुळाक्षर: अहो, पत्रात 'विनंती विशेष'नंतर खुशाली नि बातमी यायची, मागणं नव्हे! माझीच बाजू मांडलीत.

अर्धविराम: प्रतिसादाचं कोणी बोलेल का?

वेलांटी: मी सर्व्हर सांभाळतो. ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'चा आकडा, दिसला की मला हायसं वाटतं. सर्व्हर जागा आहे, बोलतोय, फक्त त्या पत्त्यावर पान नाही. काहीच परत येत नाही तेव्हा घाम फुटतो. ५०४ हा तर मधल्या सर्व्हरचा निरोप: 'मी पुढे विचारलं, तिकडून वेळेत काही आलं नाही.' तुमच्या तपासणाऱ्यांना खटकलं ते उगाच नाही. मराठीत 'प्रतिसाद' होकाराकडे कलंडलाय. व्याख्यानाला प्रतिसाद मिळाला म्हणजे लोक आले. म्हणून 'प्रतिसाद: सापडले नाही' कानाला विचित्र लागतं. मी साधं 'उत्तर' लिहीन. नकारही उत्तरच असतो.

पोटफोड्या: उत्तराला आधी प्रश्न लागतो. पोस्टने फॉर्म भरून पाठवला, त्यात प्रश्न कुठला?

वेलांटी: पत्राला उत्तर देतो तेव्हा पत्रात प्रश्न असतोच का?

शुद्धमती: आजार एक आणि औषध दुसरंच. 'न्याहाळक' असताना 'ब्राउझर' का? सावरकरांचे 'दिनांक', 'महापौर' रुळलेच ना?

काना_मात्रा: पान मागवणं, उलगडणं, मांडणं ही ब्राउझरची कामं. न्याहाळतो तो मी. न्याहाळक मीच झालो की!

वेलांटी: रुळण्यावरून आठवलं. आपण कोणत्या पानावरून आलो हे ब्राउझर ज्या ओळीत सांगतो, त्या ओळीच्या इंग्रजी नावातला एक 'आर' गळालेला आहे. १९९६च्या एचटीटीपी १.०च्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं आणि आजही तेच पाठवलं जातं. कुणी शुद्ध लिहून पाठवलं तर सर्व्हर त्या ओळीकडे बघणारही नाही.

शुद्धमती: म्हणजे चूक जुनी झाली की प्रमाण? मग 'हँडशेक'साठी 'हस्तांदोलन'ही चालू द्या. ब्राउझर-सर्व्हरची जोडणी जुळवताना तीन निरोप जातात-येतात, त्यात हात कोण हलवतं? आणि आंदोलन कसलं?

मुळाक्षर: आंदोलन म्हणजे मुळात झोका. घोषणा नंतर आल्या.

अर्धविराम: मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'विनंती' आणि 'उत्तर' ठेवतेय. परत फुली आली तर येईन.

वेलांटी: कामावर आम्ही सरळ 'रिक्वेस्ट गेली, रिस्पॉन्स आला' म्हणतो. रिक्वेस्ट ती, रिस्पॉन्स तो. हे कुणी बसून ठरवलं नाही. 'विनंती' ती आणि 'प्रतिसाद' तो, म्हणूनच ना?

काना_मात्रा: किंवा 'मागणी' ती, म्हणून.

पोटफोड्या: मग ईमेल? पत्र 'ते', पण ईमेल कुणी 'तो' म्हणतं, कुणी 'ती'.

काना_मात्रा: ती. यात वाद काय?

शुद्धमती: विपत्र. ते.