नववी-दहावीला ३५ मिनिटांचे तास बरे की ७० मिनिटांचे?

नववीची_आई
नमस्कार मंडळी, शाळेत शिकवणाऱ्यांचं आणि ज्यांच्या मुलांनी हे अनुभवलंय त्यांचं मत हवंय. मुलगी जूनपासून नववीत जाईल, पुण्यातलीच अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, दुपारचं अधिवेशन. परवाच्या पालक सभेत सांगितलं की पुढच्या वर्षी नववी-दहावीचे रोजचे ३५ मिनिटांचे ८ तास बंद करून ७० मिनिटांचे ४ तास करायचा विचार चाललाय. म्हणजे सोम-बुध-शुक्र एका गटाचे विषय आणि मंगळ-गुरु-शनि दुसऱ्या गटाचे. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलात हे वर्षानुवर्षं चालतं, ब्लॉक शेड्यूल म्हणतात, मुलं विषयात खोल जातात, दप्तर हलकं होतं असं मुख्याध्यापक म्हणाले. दप्तराचं पटलं, कारण माझी पोरगी पाठीवर जे ओझं घेऊन जाते ते बघवत नाही. पण गणित एक दिवसाआड? आणि ७० मिनिटं बाकावर बसून सलग एकच विषय? आमच्या वेळी ३५ मिनिटांचा इतिहासाचा तास संपता संपत नसे. पालकांकडून लेखी मत मागितलंय म्हणून विचारते, नुसतं हो किंवा नाही लिहायचं नाहीये, नीट काहीतरी लिहायचंय.

व्हर्जिनियावाली
ताई, मी मूळची कोथरूडची, आता बरीच वर्षं व्हर्जिनियात आहे, मुलगा इथल्याच पब्लिक हायस्कूलमध्ये शिकला म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. इथे ब्लॉकचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक तुमच्या शाळेला करायचाय तो, एबी म्हणतात, वर्षभर ८ विषय पण एका दिवशी ४ आणि दुसऱ्या दिवशी उरलेले ४, प्रत्येक तास साधारण ९० मिनिटांचा. दुसरा फोर बाय फोर, त्यात अर्ध्या वर्षात चारच विषय, रोज ९० मिनिटं, जानेवारीच्या आसपास ते संपवून पुढचे चार सुरू.

९० च्या दशकात इकडे याची लाटच आली होती. १९९४ साली वेळ आणि शिक्षण या विषयावरच्या राष्ट्रीय आयोगाने अहवाल दिला, त्यात म्हटलं होतं की विषय सोपा असो की अवघड, भौतिकशास्त्र असो की व्यायाम, शाळा सगळ्यांना सरासरी ५१ मिनिटंच देते. हा मुद्दा शाळांना फार पटला.

पण इथली कारणं इथल्या शाळेची आहेत हे लक्षात घ्या. इथे वर्ग शिक्षकांचा असतो आणि मुलं दर तासाला दप्तर घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. ७-८ तास म्हणजे दिवसातून तितक्या वेळा सगळी शाळा पॅसेजमध्ये, प्रत्येक वेळी ४-५ मिनिटं जाणार, मग वर्गात स्थिर व्हायला वेळ. तास निम्मे केले की ही धावपळ निम्मी होते, मारामाऱ्या आणि उशिरा येणंही कमी होतं. आपल्याकडे मुलं जागेवर असतात आणि सर-बाई येतात, त्यामुळे हा फायदा पुण्यात जवळजवळ नाहीच. दुसरं, इथे पास होणं क्रेडिटवर असतं, म्हणजे एकेक विषय पास केला की त्याचं क्रेडिट खात्यात जमा होतं. फोर बाय फोरमध्ये वर्षाला ८ क्रेडिट मिळतात आणि एखादा विषय डिसेंबरात राहिला तर त्याच वर्षी परत घेता येतो, मागे पडलेल्या मुलांना याचा खरंच आधार होतो. दहावीच्या बोर्डात असं काही नाही.

तोटा सांगायचा तर एपीच्या, म्हणजे हायस्कूलात असतानाच कॉलेजच्या पातळीचे जे विषय घेतात त्यांच्या परीक्षा देशभर मे महिन्यात असतात, आणि ज्या मुलांचा तो विषय जानेवारीत संपला ती चार महिने पुस्तक न उघडता पेपरला बसतात. संशोधनाचं म्हणाल तर निकाल उलटसुलट आहेत, शाळेतलं वातावरण बरं झालं असं बरेच जण सांगतात पण मार्क वाढतात असं ठामपणे कुणी दाखवून दिलेलं नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या दहावीच्या मुलांवरचा १९९० चा एक अभ्यास आहे, त्यात विज्ञान वर्षभर शिकलेली मुलं अर्ध्या वर्षात उरकणाऱ्यांपेक्षा सरस निघाली होती.

माझ्या मुलाला केमिस्ट्रीचा ब्लॉक फार आवडायचा, प्रयोग मांडून, करून, लिहून सगळं एका बैठकीत व्हायचं. स्पॅनिशचा मात्र बुडीत गेला असं मला वाटतं. भाषा रोज कानावर पडली पाहिजे.

फळा_खडू
मी गणित शिकवते, आठवी ते दहावी, म्हणून फक्त गणितापुरतं बोलते. एक दिवसाआड गणित मला मान्य नाही, स्पष्टच सांगते.

हिशोब केला तर मिनिटं तेवढीच दिसतात, ६ गुणिले ३५ म्हणजे २१० आणि ३ गुणिले ७० म्हणजेही २१०. पण मुलाच्या डोक्यात ती तेवढीच उरत नाहीत. सोमवारी वर्गसमीकरणाची अवयव पद्धत शिकवली, घरी पाच उदाहरणं दिली, मंगळवारी वर्गात आल्या आल्या मला कळतं की कोणाचं चिन्ह चुकतंय, कोणी वहीच उघडली नाही, आणि दहा मिनिटात ते दुरुस्त होतं. एबीमध्ये हेच बुधवारी कळणार, आणि बुधवारी सुट्टी आली तर थेट शुक्रवारी. तोवर मूल चुकीची पद्धत पक्की करून बसलेलं असतं. बीएडला आम्ही शिक्षकांनी सगळ्यांनी एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा विस्मरणाचा वक्र वाचलाय, म्हणजे शिकलेलं किती वेगाने विसरतं त्याचा आलेख, १८८५ पासून ही गोष्ट माहीत आहे की एकदम बसून घोकण्यापेक्षा तेवढाच वेळ तुकड्या तुकड्यात विभागून सराव केला की जास्त टिकतं. गणिताला हे अगदी तंतोतंत लागू पडतं.

आणि ७० मिनिटं मिळाली म्हणून मी एका तासात दोन प्रकरणाचे भाग पुढे रेटणार का? नवीन संकल्पना एका दिवसात एकच पचते. उरलेली ३५ मिनिटं मुलांनी वर्गात सोडवायची आणि मी बाकांमधून फिरायचं हे उत्तम आहे, पण ६० च्या पटाच्या वर्गात दोन बाकांमधून वाट तरी असते का ते आधी बघा. हो, भूमितीच्या रचनांना मात्र मला आठवड्यातून एक जोड तास, म्हणजे लागून दोन तास, मिळाला तर मी आनंदाने घेईन. कंपास काढून, स्पर्शिका काढायला लागेपर्यंत घंटा होते, आणि अर्धवट रचना दुसऱ्या दिवशी पुढे नेणं म्हणजे सगळ्यांनी पहिल्यापासून काढणं.

परीक्षानळी
विज्ञानाच्या बाजूने लिहितो. आम्हाला जोड तास पाहिजेतच, यात चर्चेला जागा नाही. दहावीला विज्ञानाचे ४० चे दोन पेपर आणि २० मार्क प्रात्यक्षिकाचे, आणि ३५ मिनिटात प्रयोगशाळेत नेणं, हजेरी, साहित्य वाटप यातच १५ मिनिटं जातात, मग शिक्षक पुढे टेबलावर प्रयोग करून दाखवतात आणि मुलं जर्नल उतरवून काढतात. मुलाने स्वतःच्या हाताने टायट्रेशन न करता अकरावीला जायचं हे मनाला लागतं हो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ब्लॉक पिरियड आहेतच. पण सगळेच विषय सगळ्याच दिवशी मोठे करा असं कोणी म्हटलेलं नाही.

वेळापत्रकवाला
निवृत्त पर्यवेक्षक आहे, शहरातल्या शाळांत वेळापत्रक हेच माझं काम होतं, तर ताई, तुमच्या लेखी मतात कामाला येईल असं सांगतो.

सगळ्यात पहिला प्रश्न शनिवारचा. अमेरिकेत आठवडा पाच दिवसांचा, त्यामुळे ए आणि बी दिवस आठवड्या-आठवड्याला आलटून पालटून फिरतात आणि सोमवार एकदा याच्या वाट्याला, एकदा त्याच्या वाट्याला येतो. आपल्याकडे सहा दिवस आणि त्यात शनिवार अर्धा, सकाळचा, तोही कवायत, स्पर्धा, कार्यक्रमाच्या तयारीत जाणारा. मंगळ-गुरु-शनि गटात जे विषय पडतील त्यांचा तिसरा मोठा तास वर्षभर लंगडाच राहणार. आज शनिवार बुडाला तर ते नुकसान सगळ्या विषयांत थोडं थोडं वाटलं जातं, नव्या पद्धतीत ते एकाच गटाच्या माथी बसेल. त्या गटात जर गणित किंवा इंग्रजी असेल तर दहावीला बोंब होईल. मग पालखीची सुट्टी, विसर्जनाची सुट्टी, पावसाने कलेक्टर साहेबांनी जाहीर केलेली सुट्टी, यातली प्रत्येक सुट्टी म्हणजे त्या विषयाचे आजचे दोन तास गेले असं समजा.

दुसरा प्रश्न शिक्षक रजेवर असताना काय. आज एक बाई आल्या नाहीत तर ३५ मिनिटांचा बदली तास लावतो, कोणीतरी वर्ग सांभाळतं. ७० मिनिटांचा बदली तास कोण घेणार, आणि घेतला तर इतिहासाचे सर त्या वर्गात सव्वा तास काय करणार? अमेरिकेत ४ ब्लॉकपैकी शिक्षक साधारण ३ शिकवतो, एक पूर्ण ब्लॉक तयारीला मोकळा असतो, त्यामुळे जास्त शिक्षक लागतात आणि ते नेमावे लागतात. आपल्याकडे संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरते, तासाच्या लांबीवर नाही. त्यात चित्रकला आणि पीटीचे शिक्षक बऱ्याच शाळांत एकेकच असतात, काही जण तासिका तत्त्वावर, दोन शाळा करणारे. त्यांना ७० मिनिटांच्या चौकटीत बसवायला गेलात की शेवटी चित्रकला आठवड्यातून एकदाच उरते किंवा उडते.

मी स्वतः काय करायचो ते सांगतो. आठवीपर्यंत साधं वेळापत्रक. नववी-दहावीला गणित, मराठी, इंग्रजी रोज, शक्यतो मोठ्या सुट्टीच्या आधी. विज्ञानाला आठवड्यात दोन जोड तास, त्यातला एक प्रयोगशाळेत, बाकीचे सुटे. इतिहास-भूगोलाला एक जोड तास, नकाशा, प्रकल्प, चर्चा जे करायचं ते त्यात. चित्रकला जोडच, कारण रंग कालवून होईपर्यंत साधा तास संपतो. जोड तास सुट्टीला चिकटून ठेवायचा म्हणजे दहा मिनिटं पुढेमागे झाली तरी दुसऱ्याचा तास खाल्ला जात नाही. हे बसवायला डोकं लागतं, पर्यवेक्षकाचा अख्खा मे महिना जातो, पण बसतं. एका घंटेत सगळी शाळा सोयीची होते म्हणून सरसकट मोठे तास करणं हे मला वेळापत्रक करणाऱ्याची सोय वाटते, मुलाची नाही.

नववीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारचं तर डोक्यातच आलं नव्हतं. सर, एक विचारू का, मग दप्तराचं काय? शाळेने सगळ्यात जास्त तोच मुद्दा धरलाय आणि बहुतेक पालकांनी त्याच्यावरच माना डोलावल्यात.

वेळापत्रकवाला
दप्तर वेगळ्या वाटेने हलकं होतं. वर्गात मागे कपाट ठेवा, जाड वह्यांऐवजी १०० पानी वह्या, गणित-विज्ञानाच्या प्रयोगवह्या शाळेतच, आणि एका बाकावर एक पुस्तक, ज्याचं त्याने ठरवून आणायचं. यासाठी तासाची लांबी बदलावी लागत नाही, वर्गशिक्षकाने जून महिना नेटाने लावून धरलं तर होतं.

फळा_खडू
ताई, मतात एक ओळ माझ्यातर्फेही लिहा, की मोठे तास करायचेच असतील तर शिक्षकांना आधी प्रशिक्षण द्या. ७० मिनिटांचं पाठ टाचण कसं करायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. तयारीशिवाय मोठा तास दिला तर मागच्या बाकावरच्या मुलांना ३५ ऐवजी ७० मिनिटं फळ्यावरचं उतरवून घ्यावं लागेल, बाकी काही बदलणार नाही.

परीक्षानळी
आणि प्रयोगशाळेत एका वेळी किती मुलं नेणार तेही विचारा. ६० जणांचा जोड तास दोन बॅच केल्याशिवाय होत नाही, आणि दुसरी बॅच तेवढ्या वेळात कुठे आणि कोणाकडे बसणार याचं उत्तर लेखी घ्या.