करंट गेला की लाईट गेली?

परवा पुण्याहून आत्या आलेली आमच्याकडं बेळगावात, शहापूरला. दुपारी पंखा थांबला तसं मी म्हणालो करंट गेला, तर तिचा नातू हसायलाच लागला, म्हणे काका करंट बसतो, जाते ती लाईट. आता भर दुपारी एकपण ट्यूब लावलेली नसताना लाईट कशी जाईल ओ? त्याला नीट सांगता आलं नाही बघा. तुम्हीच सांगा करंट म्हणजे नक्की काय.

– आपलंच बरोबर की. कन्नडवाले करेंट होतु म्हणतात म्हणजे गेला, नवीन माणसाला वाटतं करंट 'होतं' म्हणतायत. आपणबी लाईनमनला "अण्णा करंट कवा येतो" असंच विचारतो. आणि शेतात तर लाईट म्हणून चालतच नाही, थ्री फेज करंट रात्री दोनला आला की उसाला पाणी सोडायला बॅटरी घेऊन जायचं, तिथं लाईट कुठली आलीय.

– मूळ लॅटिन कुर्रेरे, म्हणजे धावणे. म्हणून पावसाळ्यात घटप्रभा नदीला जी ओढ असते ती पण करंट, वायरीतनं वाहतो तो पण करंट, आणि सध्या जे चाललंय ते पण, म्हणून करंट अफेअर्स. मला वाटतं मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द चालू. चालू घडामोडी, बँकेतलं चालू खातं, पंखा चालू. फक्त "तो लई चालू हाय" हे इंग्लिशला देता येणार नाही, ते आपल्याकडंच राहूदे.

– रेल्वेचं राहिलं. चार्ट लागल्यावर उरलेल्या सीटा देतात ते करंट बुकिंग. बेंगळूरला जायचं होतं, घरात म्हणालो करंट मिळाला तर रात्री जातो, तर आई म्हणते नाही मिळाला तर डिझेलवर नेतील की रे.

– पोरगी विचारूलाली की फिजिक्समध्ये करंटला सी सोडून आय का लिहितात?

– फ्रेंचमुळं. अँपियर हा फ्रेंच माणूस, त्यानं प्रवाहाची 'इंटेन्सिटी' म्हणून आय घेतला, ॲम्पियर हे माप पण त्याच्याच नावाचं.

– आणि केकात घालतात तो करंट? बारीक काळा मनुका?

– तो वेगळा, स्पेलिंगमध्ये ई च्या जागी ए. ग्रीसमधल्या कोरिंथ गावावरनं आलाय, धावण्याशी संबंध नाही. आपल्याला विजापूरचा बेदाणा असताना तो कशाला पाहिजे म्हणा.

– हे सगळं त्या नातवाला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतो, मग बिल कशाचं येतं? आता आमच्या घरात आई लाईट बिल म्हणते, बाबा करंट बिल म्हणतात, आणि भरतो मी.