मदत हवी आहे: ऑक्टोबरअखेर न्यू जर्सी ते बे एरिया, गाडीने (आय-८०)

मधुरा_एडिसन
एडिसनहून फ्रीमाँटला मुक्काम हलवतोय. २०१९ची सीआर-व्ही, ऑल व्हील ड्राइव्ह, ऑल-सीझन टायर, टपावर रूफ बॉक्स. चालवणारे दोघं, मागे सासूबाई (६८). २३ ऑक्टोबरला निघून सहा दिवसांत पोचायचं ठरवतोय. मुक्काम कुठे करावेत? बर्फाची तयारी किती? आणि आय-८० सोडून डेन्व्हरवरून आय-७० घेतला तर?

पांथस्थ
२,९०० मैल भागिले सहा म्हणजे रोज ४८०च्या वर. कागदावर जमतं, पण वायोमिंग बंद पडलं तर सगळंच कोलमडतं. सात दिवस आणि वर एक राखीव ठेवा. मुक्काम: यंग्सटाउन, डॅव्हनपोर्ट, कार्नी, शायान, सॉल्ट लेक सिटी, रीनो. कार्नी ते शायान जेमतेम ३१० मैल आहे, तो दिवस मुद्दाम छोटा ठेवलाय. राखीव दिवस शायानलाच खर्चा. रस्ता बंद झाला की लॅरामी आणि रॉलिन्सची मोटेलं बघता बघता भरतात, शायानला खोल्या जास्त.

लॅरामीच्या अलीकडे शर्मन समिट ८,६४० फुटांवर आहे, आय-८०वरचा सगळ्यात उंच बिंदू. पण खरी डोकेदुखी त्यापुढची: लॅरामी ते रॉलिन्स हे १०० मैल, त्यातही आर्लिंग्टन-एल्क माउंटन. वर निळं आभाळ आणि खाली वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात पुढची गाडी दिसत नाही, असं होतं. सकाळी वायोमिंग ५११ (रस्त्यांची स्थिती सांगणारी सरकारी सेवा) बघूनच निघा. तिथे डिजिटल पाट्यांवर बदलणारी वेगमर्यादा कायद्याने बंधनकारक आहे. रस्ता बंद करणारं हायवेचं फाटक लावलं की गावातच थांबा. मॅपने सुचवलेल्या आडरस्त्यावर ना रेंज, ना बर्फ काढणारी गाडी.

आय-७० नको. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे बर्फ टाळायला आणखी वर चढण्यासारखं. शिवाय मॉरिसन ते डॉटसेरो पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे योग्य टायर किंवा साखळ्या असण्याचा नियम लागू असतो. आणि तोवर तिथल्या उंचावरच्या अ‍ॅस्पेनच्या झाडांची पानं बहुतेक गळलेली असतात. रंग बघायचे तर पेनसिल्व्हेनियातच बघून घ्या, फक्त तिन्हीसांजेला आणि पहाटे वेग कमी ठेवा. हरणांच्या माजाचे दिवस आहेत. हरीण आडवं आलं तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका.

नटबोल्ट
रूफ बॉक्स काढाच, सामान पार्सलने पाठवा. आडव्या वाऱ्यात त्रास होतो आणि मायलेजही खातो. ठेवायचाच असेल तर त्यात फक्त रजया-कपडे. मॅन्युअलमधल्या टपाच्या वजनमर्यादेत बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं.

टायर: १० अंश फॅरनहाइट उतरले की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी होते. न्यू जर्सीत ६० अंशांना भरलेली हवा वायोमिंगच्या २० अंशांना ४ पीएसआय कमी भरते, आणि डॅशबोर्डवरचा दिवा साधारण २५ टक्के कमी झाल्यावरच लागतो. दिवा नाही म्हणजे हवा ठीक, असं समजू नका. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा, टायरवरचा नव्हे. क्वार्टरचं नाणं उलटं टायरच्या खाचेत घाला. वॉशिंग्टनचं डोकं झाकलं नाही तर खोली ४/३२ इंचाखाली आहे, टायर बदला.

काचेचं पाणी: उन्हाळ्याचं निळं पाणी गोठतं. टाकी रिकामी करून उणे २० फॅरनहाइटचं भरा आणि नळीत पोचेपर्यंत फवारा मारा. हे सगळे विसरतात.

पेट्रोल: वायोमिंग-युटात 'रेग्युलर' बऱ्याचदा ८५ ऑक्टेनचं असतं. तुम्हाला ८७ लागतं, म्हणून मधलं बटण दाबा. आयोवा-नेब्रास्कात ई-८५ दिसेल. ती भानगड वेगळी, ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तुमच्या गाडीत अजिबात नाही.

चिंचगूळ
न्यू जर्सीचा ईझी-पास (टोलचा टॅग) ओहायो, इंडियाना, इलिनॉयला चालतो. कॅलिफोर्नियात नाही, तिथे फास्टट्रॅक.

रीनोच्या पुढे ट्रकीला कॅलिफोर्नियाची कृषी तपासणी चौकी लागते, गाड्या थांबवून विचारतात. कढीपत्त्याची कुंडी नेत असाल तर ती तिथेच जाईल, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते. डब्यातली ताजी पानं आणि संत्री-लिंबंही रीनोलाच संपवा. सासूबाईंना दर दोन तासांनी उतरवून पाच-दहा मिनिटं चालवा, बसून पायाच्या शिरांत गुठळी होण्याची भीती असते.

मधुरा_एडिसन
बॉक्स काढतोय, कढीपत्ता शेजारणीला. ऑल व्हील असूनही साखळ्या घ्यायच्या का?

नटबोल्ट
घ्या. ट्रकीजवळच्या डॉनर समिट घाटात साखळ्यांचा बंदोबस्त लागला की आर-१, आर-२ अशा पाट्या येतात. आर-२ला चारही टायरवर एम+एस (चिखल-बर्फासाठीची खूण) आणि पुरेशी खाच असेल तर ऑल व्हीलला लावाव्या लागत नाहीत, पण गाडीत असल्याच पाहिजेत. तुमच्या मॉडेलमध्ये १७ आणि १८ दोन्ही इंची टायर येतात, म्हणून टायरवरचा पूर्ण आकडा बघूनच मागवा. लावायच्या पुढच्याच चाकांना, आणि मग वेग ताशी २५-३० मैलांच्या वर नाही. निघण्याआधी ड्राइव्हवेत एकदा हातमोजे घालून लावून-काढून बघा. ट्रकीच्या अंधारात हुक कुठे अडकवायचा ते शोधत बसायला नको.