परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेले कोकणवाले, अनुभव लिहा

आखात आणि बोटी आपल्याकडे घराघरांत आहेत, समुद्रापलीकडची नोकरी कोकणाला नवी नाही. पण पस्तिशी उलटल्यावर चालता धंदा सोडायचा आणि मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने परक्या पोरांना इंग्रजी शिकवायला जायचं, हे वेगळंच. दापोलीत हल्ली चारजण विचारतात, "त्या टेफलचं काय?" टेफल म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण. जे गेले, परत आले किंवा वाटेतच अडले त्यांनी लिहा. एजंटांनी जाहिराती टाकू नयेत.

चिपळूणहून:
22 जुलै 2021च्या पुरात माझं स्टेशनरीचं दुकान गेलं. पुन्हा माल भरायची उमेद नव्हती. इंग्रजीत बी.ए. होतो, शिकवण्या घ्यायचो. 120 तासांचा टेफल कोर्स केला आणि व्हिएतनाम गाठलं. अभ्यास सोपा हो, कागद कठीण! पदवी आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित करायची. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच सरकारी शिक्का. व्हिएतनाम तेव्हा त्या करारात नव्हतं, त्यामुळे नुसत्या अपोस्टिलवर भागलं नाही. शिवाय पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी. एक एजंट म्हणत होता, "टूरिस्ट व्हिसावर जा, शिकवायला लागा, बाकीचं मागाहून." असं सांगणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.
मुलं दिवसा शाळेत, म्हणून इंग्रजीच्या शिकवणी सेंटरचे वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. तेत म्हणजे त्यांची दिवाळी. तेव्हा सगळं बंद, आणि पगार तासावर असेल तर खिसाही बंद.

रत्नागिरीहून:
कोरियाची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी पासपोर्ट बघावा. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-2 व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार 2010 पासून लागू आहे, त्यात आपल्याला सहाय्यक शिक्षक म्हणून वाट आहे, पण शिक्षकाची पात्रता लागते. माझं बी.एड. नाही. विषय संपला.

सावंतवाडीहून:
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवायचा प्रमाणपत्र कोर्स, केला. पूर्णवेळ चार आठवडे, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे परीक्षक आणि सोबतचे सगळे वह्या घेऊन बसलेले. पहिल्या पाठानंतर मला सांगितलं, "तुम्ही फार बोलता." सासरी कुणी असं म्हणालं नव्हतं! "समजलं का?" हा प्रश्नच बाद, कारण सगळे मान डोलावतात. 'यूज्ड टू' शिकवायचं तर "तो आधी सिगारेट ओढायचा का? आता ओढतो का?" असं विचारून त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं. इतकी वर्षं कॅश काउंटरवर काढली, एवढी दमले नव्हते.
नोकरी मस्कतला मिळाली. त्याआधीच्या एका मुलाखतीत इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून फोन ठेवून दिला. मला याचा राग येतो, कारण आपण ही भाषा पायरी-पायरीने चढलेली माणसं. शिकणारा कुठे घसरतो ते आपल्याला आधीच दिसतं. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पार्किंग'चं 'बार्किंग' होतं. मी वर्गात सांगून टाकते, माझंही 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच व्हायचं. मग मुलं तोंड उघडतात.

मालवणहून:
मी मालवणचो, पण प्रमाणभाषेत लिवतंय, नायतर कोणाक कळूचा नाय. पर्यटनाचा धंदा सोडून थायलंडच्या सरकारी शाळेत लागलो. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 600च्या वर गुण दाखवावे लागले. वर्गात चाळीस-पन्नास पोरं, सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, सगळं आपल्यासारखं. खरा फायदा कुणी सांगत नाही: मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन आंब्याचा हंगाम! बाग असलेल्यांनी थायलंडच बघावं. सुट्टीचा पगार करारात आहे का, ते मात्र सही करण्याआधी वाचा.

गुहागरहून:
आईवडील थकलेले, म्हणून मी गेलोच नाही, घरूनच ऑनलाइन शिकवतो. इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं नसतील तर पावसाळ्यात या भानगडीत पडू नये. मस्कतच्या ताईंना एक विचारायचं होतं: सेल्टाला वयाची अट असते का?

सावंतवाडीहून:
किमान वय असतं, कमाल नाही. माझ्या तुकडीत साठीचे एक काका होते. अट व्हिसाला असू शकते, देशागणिक वेगळी. ती आधी विचारून मगच फी भरा.