ठेव विम्याचा हप्ता: बुडव्यांचं आम्ही का भरायचं?

नवीपेठकर: सोलापुरातल्या एका छोट्या नागरी बँकेत संचालक आहे. ठेवी १०० कोटी. शंभराला वर्षाला १२ पैसे, म्हणजे डीआयसीजीसीला (ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) १२ लाख, वर जीएसटी. ठेवीदाराकडून घ्यायचे नाहीत, आमच्याच नफ्यातून द्यायचे. त्यात विमा ५ लाखांपर्यंतच, हप्ता मात्र अख्ख्या ठेवीवर! चादरीच्या व्यापाऱ्याचे २५ लाख असले तर त्यावर ३००० भरतो. बँक बुडाली तर विम्यातून त्याला ५च लाख. कर्जं नीट वसूल करणारा आणि सोयऱ्याधायऱ्यांना वाटणारा, दोघांना इतकी वर्षं एकच दर.

बाळीवेस७७: दरावरचं रडणं जुनं झालं. १ एप्रिल २०२६ पासून जोखमीनुसार हप्ता, १२ पैसे ही कमाल, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्येच सांगितलंय. चांगली बँक असेल तर कमी भरा की.

आणि आपल्या सोलापूरची लक्ष्मी सहकारी बँक विसरलात? सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदार पूर्ण पैसे मिळायला पात्र होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत विम्याची मर्यादा १ लाखच होती, ती सुद्धा १९९३ पासून! माझी आई आयुष्यभर विड्या वळली. ठेवपावती ज्वारीच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. तिने तुमचा ताळेबंद वाचायचा का? ५ लाखांवर वर्षाला ६०० रुपये पडतात. तेवढे जड झाले?

नवीपेठकर: आईंच्या ६०० बद्दल तक्रारच नाही हो. विमा नसलेल्या २० लाखांवर हप्ता का, तेवढं सांगा.

बाळीवेस७७: तेवढ्याच ठेवीवर घेतला तर दर वाढवतील. फंड भरायचा कुणी?

मागवाला: दोघंही नशीबवान आहात बे. आमच्या गल्लीत सगळ्यांचा पैसा पतसंस्थेत, आणि पतसंस्थेला डीआयसीजीसीचा विमा लागूच नाही. पाटी मोठी, आत काउंटर, पासबुक, लोकांना बँकच वाटते. परवा पिग्मीवाल्याला विचारलं, बुडाली तर? मशीनमधून पावती फाडत म्हणाला, "कशी बुडेल? चेअरमन आपल्याच गल्लीतले आहेत की." शंभर रुपये दिले. रोजचेच आहेत.